हे म्हणणे खरे नाही की

माझ्या उलटतपासणीची सही-शिक्क्याची नक्कल सात पानांची आहे. त्यात ‘हे म्हणणे खरे नाही की’ हे शब्द बावीस वेळा येतात. पेन्सिलीने खुणा करत मोजलेत मी.

कोर्टात मराठीतून साक्ष नोंदवायची ही एक रीत आहे. समोरचे वकील प्रश्न विचारतात असं आपल्याला वाटतं. खरं तर ते बहुतेक वेळा एक म्हणणं पुढे सरकवतात आणि आपण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं असतं. मी ‘नाही’ म्हटलं की न्यायाधीश टंकलेखकाला पूर्ण वाक्य सांगत: ‘हे म्हणणे खरे नाही की, माझी आई प्रतिवादीस तिच्या माहेरच्या माणसांदेखत टोचून बोलत असे.’ मी यातलं काहीच बोललेली नसते, एक ‘नाही’ सोडून. पण कागदावर ते अख्खं वाक्य माझ्या तोंडी असतं. आई, टोचून बोलणं, माहेरची माणसं, सगळं माझ्याच तोंडून बाहेर पडतं आणि त्याला पुढे एक नकार चिकटवलेला असतो.

मी साक्ष दिली ती दादाच्या घटस्फोटाच्या केसमध्ये, त्याच्या बाजूने. दादा याचिकाकर्ता, वहिनी प्रतिवादी. शहराचं नाव सांगत नाही. भाची तिथेच शाळेत जाते.

आमच्याकडे वकिलाकडे गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो ‘म्युच्युअल की कंटेस्टेड?’. दादाला वाटलं होतं, म्युच्युअलच. दोन वर्षं वेगळे राहतोय, दोघंही कमावतो, कुणाचं कुणावाचून अडत नाही. पण १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ‘आमचं आता जमत नाही’ असं एकट्याने म्हणायला जागाच नाही. दोघांनी मिळून म्हटलं तर १३-ब कलम आहे, तेही १९७६मध्ये घातलेलं. एकट्याला हवा असेल तर कलम १३, आणि तिथे दुसऱ्याचा दोष दाखवावा लागतो. क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, मानसिक आजार अशी ती यादी आहे. नातं सावरता येण्यापलीकडे मोडलं हेच कारण धरावं, असं विधी आयोगाने १९७८मध्येच सुचवलं होतं, २००९मध्ये पुन्हा सुचवलं. २०१३मध्ये तसं विधेयक राज्यसभेत मंजूरही झालं आणि पुढे बारगळलं. सर्वोच्च न्यायालय आपल्या खास अधिकारात अशा कारणावरून लग्न मोडू शकतं, हे २०२३च्या मे महिन्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं. पण ते दिल्लीत. आमच्या कौटुंबिक न्यायालयातल्या मॅडमना तो अधिकार नाही. त्यांना क्रूरता दाखवावीच लागते.

म्हणजे वहिनीने ‘मी सही करणार नाही’ म्हटल्यावर दादापुढे एकच रस्ता उरला. सात वर्षांच्या संसारातून क्रूरता वेचून काढायची.

ते काम आमच्या डायनिंग टेबलावर झालं. वकिलांनी सांगितलं होतं, तारखेसह प्रसंग लिहून आणा, निदान दहा तरी. दादा चहाचा कप बाजूला सारून लिहीत बसला. मी शेजारी. आई आतून आठवण करून द्यायची, ‘ते मंगळागौरीचं लिहिलंस का?’ लिहिताना गंमत अशी व्हायची की प्रसंग आठवायचा, पण त्याच्या पुढचा-मागचाही आठवायचा. भांडणानंतर रात्री दोघं आईस्क्रीम खायला गेले होते, तेही आठवायचं. ते लिहायचं नसतं. वकिलांकडून याचिका टाइप होऊन आली तेव्हा दहाच्या दहा प्रसंग त्यात होते आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘त्यामुळे याचिकाकर्त्यास असह्य मानसिक त्रास झाला’ हे वाक्य होतं. आईस्क्रीम कुठेही नव्हतं.

गणपतीपुळे मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं. ‘मध्ये कुठे एकत्र फिरायला गेला होतात का?’ दादा म्हणाला, हो, जानेवारी २०१८मध्ये, चार दिवस, छान झाली ट्रिप. वकिलांचा चेहरा पडला. क्रूरतेचे प्रसंग २०१५पासूनचे. त्यानंतर आनंदाने एकत्र राहिलात म्हणजे तुम्ही ती माफ केलीत, असं समोरचे म्हणू शकतात. तशी तरतूद आहे, कलम २३. मग त्यांनी आम्हाला दास्ताने खटल्याची गोष्ट सांगितली. गोष्ट सांगावी तशीच सांगितली, खुर्चीत मागे रेलून.

पुण्यातलं जोडपं. नवऱ्याने १९६२मध्ये पुण्याच्या कोर्टात दावा लावला. खालच्या कोर्टाने एक निकाल दिला, जिल्हा न्यायालयाने तो फिरवला, मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयाचा निकाल कायम ठेवला आणि मार्च १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो लिहिला न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, तेही जन्माने पुण्याचेच. क्रूरता म्हणजे काय, ती सिद्ध करायला किती पुरावा लागतो, याबद्दल आजही देशभरातले वकील या निकालाकडे बोट दाखवतात. खुनाच्या खटल्यासारखा संशयातीत पुरावा नको. कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते, एवढं पुरे. रात्री दिवा लावून नवऱ्याच्या उशाशी कटकट करत बसणं वगैरे प्रसंग त्यात आहेत. हे वागणं क्रूरतेत बसतं, असं न्यायालयाने मान्य केलं. आणि तरीही नवरा हरला. कारण त्यानंतर दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिले होते, मूलही झालं होतं. माफी दिली गेली होती.

तेरा वर्षं. पुण्यातल्या एका घरातली रात्रीची कटकट तेरा वर्षांनी देशाचा कायदा झाली आणि ज्याने दावा लावला त्याला काही मिळालं नाही. वकील हे सांगून हसले. आम्ही नाही हसलो. दादा घरी येऊन फेसबुकवरचे गणपतीपुळ्याचे फोटो उडवत बसला. त्याचा उपयोग झाला नाही, वहिनीकडे होतेच. पुढे ते रीतसर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडून फाइलला लागले. समुद्राकडे पाठ करून तिघंही हसताहेत, भाचीच्या हातात भुट्टा, आणि फोटोच्या कोपऱ्यात कोर्टाचा शिक्का.

तर अशी ती चाल असते. याचिका दाखल होते, समन्स निघतं, बेलिफ दार वाजवतो. मग प्रकरण समुपदेशकांकडे जातं, कारण १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयावर बंधनकारक आहे. त्या खोलीत बोललेलं पुरावा म्हणून वापरत नाहीत. मला वाटतं, अख्ख्या इमारतीत तीच एक जागा आहे जिथे माणूस ‘माझंही चुकलं’ म्हणू शकतो. दादा म्हणाला होता म्हणे. वहिनीही म्हणाली होती. पण तिथून बाहेर आलं की पुन्हा कैफियत, म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, त्यात परिच्छेद एक ते बेचाळीस ‘खोटे, लबाडीचे व नाकबूल’. मग न्यायाधीश मुद्दे काढतात, मग सरतपासणीची शपथपत्रं, मग उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल, अपील. समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी संपवायचा प्रयत्न करावा, असं हिंदू विवाह कायद्यात लिहिलेलं आहे. दादाने मला मोबाईलवर ते कलम दाखवलं तेव्हा आमच्या केसला एकोणीस महिने झाले होते आणि त्या दिवशी बोर्डावर आमचा नंबर सत्तावन्न होता. सत्तावन्नचा पुकारा साडेचारला झाला. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढची तारीख.

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘काडीमोड’ हा शब्द यायचा. गावातल्या कुणाकुणाची झालेली. पंचांपुढे काडी मोडायची, संपलं. मग बाईने पाट लावायचा. ज्या जातींत ही रूढी होती त्यांच्यापुरती कायद्यानेही ती राखून ठेवलीय. ‘आपल्यात’ नव्हती, हे आजी जरा तोऱ्यात सांगायची. आपल्यात काय होतं? काही नव्हतं, सहन करणं होतं. १९३१मध्ये सयाजीरावांनी बडोद्यात घटस्फोटाचा कायदा केला, १९४७मध्ये मुंबई प्रांतात झाला, तोवर वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या बाईला सुटायची वाटच नव्हती. आणि शब्दही आपण कुठला उचलला तर ‘घटस्फोट’. मूळचा तो घट फोडायचा विधी पतिताला जातीबाहेर टाकण्याचा. माणूस जिवंत असताना मेला असं समजून पाण्याने भरलेला घडा लवंडायचा. काडी मोडली की दोन तुकडे होतात आणि दोन्ही सारखेच असतात. घडा फुटतो तेव्हा कुणीतरी बहिष्कृत असावंच लागतं. कोण, एवढंच ठरवायला पाच-सात वर्षं.

वहिनीने सही का नाकारली, हे मला फार उशिरा कळलं. कैफियतीबरोबर तिने नांदायला जाण्याचाही अर्ज लावला होता, कलम ९. एकीकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली तक्रार, ज्यात मी प्रतिवादी क्रमांक चार होते, आणि दुसरीकडे ‘मला नवऱ्याबरोबर नांदायचं आहे’. आमचे वकील खूश झाले, म्हणाले, बघा, विसंगती! मीही तेव्हा ते सगळ्यांना सांगत सुटले होते. छळ होतो म्हणते आणि नांदायचंय म्हणते, काय बाई आहे.

काय बाई आहे ते नंतर उलगडलं. तिच्या हातात एकच किल्ली होती, तिची संमती. फ्लॅट दादाच्या नावावर, कर्जाचे हप्ते दादाच्या खात्यातून. भाची झाल्यावर चार वर्षं तिने नोकरी सोडली होती आणि परत लागली ती निम्म्या पगारावर. घरात तिने घातलेले पैसे वाणसामानात, शाळेच्या फीत, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेलेले. त्याच्या पावत्या कोण ठेवतं? आपल्याकडे लग्नाच्या काळात झालेली मालमत्ता दोघांची, असं हिंदू कायदा मानत नाही. ज्याच्या नावावर त्याची. गोव्यात वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि लग्नाआधी करार करून दुसरं काही ठरवलं नसेल, तर दोघांची मिळकत सामाईक, निम्मी निम्मी. बांद्याची सीमा ओलांडली की बाईचा हिशोब बदलतो. सीमेच्या अलीकडे तिने पोटगी मागायची आणि संमती रोखून धरायची, एवढंच.

नांदवण्याच्या दाव्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी १८८४मध्ये मुंबईत तो लावला. लहानपणी लावून दिलेलं लग्न. ती नांदायला जाणार नाही म्हणाली. पहिला निकाल तिच्या बाजूने, मग तो फिरला, आणि १८८७मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग चालेल, म्हणाली. १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली. निकाल काहीही लागोत, शेवटी मिटलं ते रक्कम ठरली तेव्हा. हे मी आता लिहू शकते. तेव्हा प्रतिवादी क्रमांक चारला एवढं सुचत नव्हतं.

पैशांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण बाहेर बसलेले निम्मे लोक त्याच्याबद्दलच बोलत असतात. मुख्य केस चालते तोवरची ती अंतरिम पोटगी, कलम २४. तिचा निर्णय साठ दिवसांत व्हावा, हीही कायद्यातलीच एक सदिच्छा. आमच्याकडे चौदा महिने लागले. ‘पगाराच्या पंचवीस टक्के द्यावेच लागतात’ हे वाक्य तुम्हाला कॅन्टीनमध्ये, झेरॉक्सच्या रांगेत, रिक्षात, कुठेही ऐकू येईल. २०१७च्या एका निकालात पंचवीस टक्क्यांचा उल्लेख आला आणि कट्ट्यावर तो कायदाच झाला. तसा आकडा कायद्यात नाही. असतं ते उत्पन्नाचं शपथपत्र. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका पोटगीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, कर्जं, खर्च ठरलेल्या नमुन्यात शपथेवर लिहून द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची.

दादाचा नमुना मी भरला. फार पानांचा असतो. पीएफ, विमा, सोनं, गाडी, क्रेडिट कार्ड, महिन्याचं दूध, कामवाली. सगळं भरून झाल्यावर मला जाणवलं की या घराचा खर्च किती आहे हे दादाला आकड्यात माहीतच नव्हतं. ‘गॅस सिलिंडर किती दिवस पुरतं?’ त्याने मला विचारलं. मी म्हटलं, वहिनीला विचार. बोलून गेले. दोघंही गप्प बसलो.

भाचीचं सांगायला मी टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हा १९५६च्या कायद्यातला नियम. त्यापुढे ‘मुलाचं हित’. भाची बरोबर पाचाची होती. ताबा वहिनीकडे राहिला, दादाला दुसरा आणि चौथा शनिवार, आधी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, मग घरी. दिवाळीची आणि मेची सुट्टी अर्धी अर्धी. ‘अर्धी दिवाळी’ हे वाक्य हुकमात लिहायला सोपं आहे. सुट्टीचा पहिला अर्धा संपतो कधी, यावरून दोन वर्षं अर्ज झाले. एका वर्षी मधला दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा आला. सकाळी दहाला अदलाबदल. आमच्या सोसायटीच्या गेटवर वहिनी स्कूटरवर बसून राहिली, खाली उतरली नाही, आणि भाची आकाशकंदील काखोटीला मारून आली. तो अर्धाच चिकटवून झाला होता. ‘आत्तू, उरलेला तुझ्याकडे करू,’ म्हणाली. डिंक आमच्याकडे नव्हता. भाताची शितं लावून चिकटवला.

कोर्टात तिला न्यायाधीशांनी एकदा चेंबरमध्ये बोलावलं होतं. आत काय बोलली, कुणालाच सांगितलं नाही. बाहेर आल्यावर तिने फक्त विचारलं की त्या मॅडमच्या टेबलावरच्या पाटीवर नावाच्या आधी ‘मा.’ का लिहिलंय.

आता माझी साक्ष.

सरतपासणी म्हणजे आपली बाजू, ती शपथपत्रावर लिहून द्यायची असते. माझं शपथपत्र वकिलांच्या ऑफिसात तयार झालं. परिच्छेद सहा: ‘याचिकाकर्ता हा अत्यंत शांत व समंजस स्वभावाचा असून त्याने कधीही प्रतिवादीशी अथवा अन्य कोणाशी उद्धट वर्तन केलेले नाही.’ मी म्हटलं, ‘कधीही’ जरा जास्त होतंय. वकील म्हणाले, ‘ताई, शपथपत्रात अधूनमधून असं काही नसतं.’ मी सही केली.

उलटतपासणीला वहिनीच्या वकील मॅडम उभ्या राहिल्या. पिंजरा वगैरे नव्हता. टंकलेखकाच्या टेबलाजवळ उभं राहायचं, समोर पडद्यावर आपलीच वाक्यं उमटताना दिसतात. वहिनी डावीकडे बाकावर, निळा पंजाबी ड्रेस, केस पांढरे व्हायला लागलेले. पाच वर्षांत आम्ही एकमेकींशी अक्षर बोललो नव्हतो. त्याआधी रोज बोलायचो.

मॅडमनी सुरुवात साधी केली. तुम्ही दुसऱ्या शहरात राहता ना? मग घरातलं रोजचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही ना? मग सूचनांची माळ, आणि माझी नकारांची. मला त्याची लयच सापडली होती. मग त्यांनी एक कागद पुढे केला. व्हॉट्सअॅपच्या संदेशाची प्रिंट, प्रमाणपत्र जोडलेली. हल्ली फाइली याच कागदांनी फुगलेल्या असतात. जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणंही पुरावा म्हणून घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये म्हटलंय. हा तर माझा राजरोस पाठवलेला मेसेज. ऑगस्ट २०१७. मी वहिनीला लिहिलं होतं:

‘वहिनी तू मनावर घेऊ नकोस. दादाचं डोकं फिरलं की तो असाच ताटावरून उठतो, ताट भिरकावतो पण. लहानपणापासून. बाबा पण तसेच. मी बोलते त्याच्याशी.’

‘हा नंबर तुमचाच?’

‘हो.’

‘यातला दादा म्हणजे याचिकाकर्ताच?’

‘हो.’

‘शपथपत्रातला परिच्छेद सहा वाचा.’

वाचला. मोठ्याने. ‘कधीही’ला माझा आवाज बसला.

‘मग यातलं खरं कोणतं?’

आमचे वकील उठले, हरकत म्हणाले. मी दादाकडे पाहिलं. तो मोबाईलच्या काळ्या स्क्रीनकडे बघत होता. न्यायाधीशांनी सांगितलं, टंकलेखकाने टाइप केलं: ‘निशाणी ४१ वरील मजकूर मी पाठवला आहे हे म्हणणे खरे आहे.’ सात पानांतल्या मोजक्या ‘खरे आहे’पैकी ते एक.

मॅडम बसायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या. ‘शेवटचं विचारते. तुम्ही लिहिलंय, मी बोलते त्याच्याशी. बोललात का?’

न्यायाधीश म्हणाल्या, ‘हे गरजेचं नाही, वकील मॅडम.’ प्रश्न नोंदवला गेला नाही. पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला. मग ‘वाचून पाहिले, बरोबर आहे’, आणि खाली माझी सही.

त्यानंतर चार महिन्यांनी दोन्ही वकील आपसात बोलले. आमच्या वकिलांचं गणित सोपं होतं: तुमच्याच साक्षीदाराने ताट भिरकावलं, आता ताणण्यात अर्थ नाही. वहिनीकडूनही थकवा होताच. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. एकरकमी आकडा ठरला, तो इथे नको. भाचीच्या नावावर ठेव, शनिवार-रविवार दादाकडे, दिवाळीचं गणित मात्र आता स्पष्ट, एक वर्ष पाडव्यापर्यंत इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. कलम १३ची याचिका १३-बमध्ये बदलली. एरवी थांबावं लागतं ते सहा महिने, इतकी वर्षं वेगळं राहिलेल्यांना आणि सगळं मिटवलेल्यांना माफ करता येतात, २०१७पासून. ज्याच्यासाठी चार वर्षं भांडलो ते दोन तारखांत उरकलं. संमती-अटींतलं कलम अकरा: ‘उभय पक्षांनी परस्परांविरुद्ध केलेले सर्व आरोप मागे घेतलेले आहेत.’ एका ओळीत. मी वकिलांना विचारलं, साक्षीदाराला मागे घेता येतं का? ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही आता घरी जा.’

कलम सात स्त्रीधनाचं. सोबत ‘परिशिष्ट अ’, चौसष्ट वस्तू. ठुशी, तोडे, पाटल्या हे तर होतंच, पण स्टीलचे डबे बारा, पितळी परात एक, पुरणयंत्र एक. या पुरणयंत्रावर दोन्हीकडून दावा होता. आई म्हणायची मी घेऊन दिलं, वहिनीची आई म्हणायची रुखवतात होतं. खरं कुणाचं, मला माहीत नाही. आईने हट्ट सोडला तो त्या अर्धांगवायूचं कळल्यावर.

वस्तू द्यायला मी गेले. दादा गाडीतच बसला. कोर्टाच्या मागच्या पार्किंगमध्ये, डिकी उघडून, आम्ही दोघी यादीवर टिक करत होतो. ती वाचायची, मी दाखवायची. डबे. परात. कुकर, तीन लिटर. तिच्या चष्म्याला नवी काच होती, दूरचं-जवळचं एकत्र. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.

‘तेव्हा बोलली होतीस का गं त्याच्याशी?’ तिने यादीवरून नजर न काढता विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं.

तिने मान हलवली. बेचाळीसवर टिक केली, पुरणयंत्र उघडून आत बघितलं.

‘बारीक चकती नाहीये यात,’ म्हणाली. ‘मोठ्या भोकांचीच आहे. बघ घरी असेल.’